कुकरवाला वाघ

सोमाजी खोब्रागडेच्या वाडीत सकाळी आठ वाजता वाघ डरकाळी फोडायचा आणि आठ वाजून दोन मिनिटांनी कुकर शिट्टी मारायचा. मोहबोडी गावाला याची इतकी सवय झाली होती, की शिट्टी ऐकली की बाया अंघोळीचं पाणी उतरवायच्या.

भानगड वानरांपासून सुरू झाली होती. माजरीच्या कोळसा खाणीत तीस वर्षं काढून सोमाजी निवृत्त झाला आणि गावी येऊन त्याने जंगलाच्या कडेला अर्ध्या एकराची वाडी केली. जन्मभर काळं पाहिलं, आता हिरवं पाहायचं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगायचा. त्याने वालाचे मांडव घातले, टमाटर लावले, वांगी लावली. पहिल्या वर्षी वानरांनी फुलं खाल्ली. दुसऱ्या वर्षी ती जरा शहाणी झाली आणि शेंगा धरेपर्यंत थांबली. दोन वर्षांत त्या वाडीतून घरी काय आलं असेल, तर ते सोमाजीच्या चपलांना लागलेलं माती-शेण.

तिसऱ्या वर्षी बायकोने, सत्यशीलाने, पदर खोचला. "यंदा घरात शेंग नाई दिसली, तर वाडी त्या बाजूच्या मंगरूले बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाका. अन् तुमी घरात बसा टीव्ही पाहात."

हे सोमाजीच्या जिव्हारी लागलं. खाणीत त्याच्या हाताखाली वीस माणसं होती. वीस वानरांपुढे हात टेकायचे म्हणजे काय!

जयंती मंडळाचा मोठा साऊंड बॉक्स वर्षभर सोमाजीच्याच घरी पडून असायचा. एका सकाळी त्याने तो वाडीत नेला, विहिरीजवळ ठेवला, वर फारी, म्हणजे ताडपत्री, झाकली. त्याचा स्वतःचा मोबाइल बटणांचा. म्हणून सत्यशीलाचा मोबाइल ब्लूटूथने जोडला आणि व्हिडिओवाल्या साइटवर वाघाची डरकाळी लावली. काय सांगावं! मांडवावरची वानरं अशी उडाली, की दोन तर एकमेकांवरच आपटली. सोमाजी बांधावर उभा राहून टाळ्या पिटत होता.

हे सुख तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी डरकाळी झाली, वानरं पळाली, मोहाच्या झाडापर्यंत गेली आणि बॉक्समधून एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "ताई! तुमच्या कुकरची शिट्टी वेळेवर होते का?" पाठोपाठ कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. वानरं थबकली. त्यांनी मागे वळून पाहिलं. ज्या वाघाच्या मागे कुकर लागलेला असतो, तो आपलं काही वाकडं करत नाही, एवढं त्यांना कळलं. आठवडाभरात एक लेकुरवाळी वानरीण बांधावर येऊन बसू लागली. ती जाहिरात पूर्ण ऐकायची आणि मग शेंगा खायला उठायची.

सोमाजीचा तिळपापड झाला. "हे जाहिरातवाले म्हणजे वानराहून वाईट. वानर निदान इचारून तरी खात नाई. हे इचारतेत, 'स्किप करू का?' अन् पाच सेकंद बसवून ठेवतेत."

"मंग काय झालं?" सत्यशीला म्हणाली. तिला जाहिराती आवडायच्या. त्यातल्या बायांची घरं कशी चकचकीत असतात, हे ती मन लावून पाहायची. "वाघ तुमाले फुकटात भेटून राह्यला ना? त्याच्या बदल्यात दुसऱ्याचं दोन शब्द आयकाले काय जाते?"

"माह्या शेंगा जाते!"

हा वाद रोज सकाळी व्हायचा. शेवटी चंद्रपूरला नर्सिंग शिकणारी त्यांची पोरगी पिंकी रविवारी घरी आली आणि तिने बापाला एक पेन ड्राइव्ह भरून दिला. "बाबा, यात नुसता वाघ हाये. जाहिरात नाई, काई नाई. बॉक्सले लावून द्या. थांबून थांबून दिवसभर बोंबलत राह्यते."

सोमवारी सकाळी सोमाजीने पेन ड्राइव्ह लावला. स्वच्छ, निर्भेळ डरकाळी उठली. वानरं पळाली आणि मोहाच्या झाडावरही थांबली नाहीत. लेकुरवाळीने तर कुकरची वाट पाहिली, तो आला नाही, तेव्हा तिची छातीच फुटायची बाकी राहिली. सोमाजी छाती काढून घरी आला, आंघोळ केली, भाकर खाल्ली आणि खाटेवर असा पसरला, की खाणीतल्या पहिल्या पगाराच्या दिवशीही तो इतका निवांत झोपला नसेल.

अकराच्या सुमारास दारात धनराज येऊन पडला. धनराज शेजारचा, त्याच्या बकऱ्या वाडीमागच्या पडीत जमिनीत चरायच्या. त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसरीचा पत्ता नव्हता.

"सोमाजीभाऊ, वाघ! तुमच्या वाडीत वाघ!"

"अरे, तो माह्या..."

"मले का मालूम नाई तुमचा वाघ? डरकाळी झाली. म्या म्हटलं, आता कुकर येईल. थांबलो. आलाच नाई! दुसरी डरकाळी झाली. तरी कुकर नाई! मंग म्या समजलो, हा बिगरकुकरचा हाये. पळालो बापा, बकऱ्या टाकून पळालो!"

सोमाजीला पोटात हसू फुटलं. पण ते बाहेर यायच्या आतच धनराज पुढे म्हणाला, "म्या फॉरेस्टले फोन केला. शाळेत सांगतलं, पोरं वर्गात कोंडले. आता सारं गाव वाडीकडे जाऊन राह्यलं."

हसू जागच्या जागी गार पडलं. आता सांगावं, तर सारं गाव वर्षभर तोंडात मारणार. मंडळाचा बॉक्स वानरांसाठी वापरला, म्हणून मंडळवाले वेगळे धरणार. आणि फॉरेस्टवाले तर काय करतील कोण जाणे. सोमाजी तसाच पायात चपला सरकवून धनराजच्या मागे निघाला.

वाडीच्या कुंपणाबाहेर जत्रा भरली होती. लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडुनिंबाच्या फांद्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे चढले होते. वनरक्षक ललिता आत्राम काठी घेऊन सगळ्यांना मागे रेटत होती. ती जवळच्याच पाड्यातली, लहानपणापासून जंगलात वाढलेली. तिच्यापुढे कोणी जास्त बोलत नसे.

तेवढ्यात आतून डरकाळी आली. गर्दी एकदम बारा पावलं मागे सरली. एकटा सोमाजी जागचा हलला नाही. पोरीने आवाज काय साफ भरला आहे, असं त्याच्या मनात आलं.

"भाऊ, मागं व्हा!" ललिता ओरडली. मग ट्रॅक्टरवाल्याकडे वळून म्हणाली, "ट्रॅक्टर आत घाल. पाच जण वर उभे राहा, फटाके हाती ठेवा. मांडव पाडत सरळ नाल्याकडे जाऊ, म्हणजे तो जंगलाकडे निघून जाईल."

"मांडव पाडत?" सोमाजीचा आवाज चिरकला.

"मंग का मांडव वाचवत बसू? माणसं वाचवायची हायेत."

मांडवावर वालाच्या शेंगा लोंबत होत्या. तीन वर्षांत वानरांपासून वाचलेल्या पहिल्या. सकाळीच त्याने हात लावून पाहिल्या होत्या, अजून चार दिवसांत तोडायला आल्या असत्या. ट्रॅक्टर घरघरला, त्याचं पुढचं चाक कुंपणाच्या काटेरी फांदीवर चढलं आणि सोमाजीच्या काळजावरही चढलं.

"थांबा!" तो ट्रॅक्टरपुढे आडवा झाला. "वाघ-बिघ काई नाई आत. तो माह्याच वाघ हाये. पेन ड्राइव्हमंधला. जाहिरात काढून टाकली म्हून तुमाले वळखू आला नाई!"

मग झाडावरून कोणीतरी फिदकन हसलं आणि सारी गर्दी हसू लागली. धनराज मात्र हसला नाही. त्याने उरलेली एक चप्पल पायातून काढून हातात घेतली. ललिताने कपाळाला हात लावला.

"सोमाजीभाऊ, अख्ख्या गावाले कामाले लावलं तुमी. जा, आधी ते बंद करून या. मंग बोलते मी तुमच्याशी."

एकदा अब्रू गेली, की माणूस मोकळा होतो. सोमाजी फाटक उघडून रुबाबात आत शिरला. मांडवांमधून चालताना तो लोकांकडे वळून वळून बोलत होता. "हे पाहा! चाललो ना? खाऊन राह्यला का मले वाघ?" पुन्हा डरकाळी झाली. बॉक्स विहिरीजवळ उजवीकडे होता, आवाज डावीकडून टमाटरांच्या बाजूने आला. आवाज विहिरीत घुमून तिकडून येत असेल, असं सोमाजीने ठरवून टाकलं आणि वाघाला मोठ्याने दम भरला, "चूप बस बे!"

त्याच वेळी बचत गटाच्या बैठकीहून सत्यशीला धापा टाकत कुंपणाशी आली. नवरा कुठे आहे आणि कशाला गेला आहे, हे ललिताने तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने कमरेच्या बटव्यात हात घातला आणि काहीतरी वर धरलं.

"अवो! पेन ड्राइव्ह माह्यापाशी हाये! सकाळी वांगी तोडाले आली तवा त्या बोंबलण्यानं डोकं उठलं, म्हून म्याच काढून घेतला!"

सोमाजीने ते ऐकलं. मग त्याने टमाटरांकडे पाहिलं. टमाटरांच्या मागे, सावलीत, पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेलं एक भलंमोठं डोकं त्याच्याकडेच पाहत होतं. आपल्या हद्दीत सकाळपासून हा दुसरा कोण ओरडतो आहे, याची चौकशी करायला आलेला तो खरा मालक होता. दोघांमध्ये वांग्याच्या दोन ओळी होत्या. खाणीत दोनदा छत कोसळताना पाहिलेला माणूस, पण त्याच्या तोंडून हूं की चूं निघेना.

"हलू नका!" ललिता दबक्या आवाजात म्हणाली. "पळू नका, भाऊ. पाठ दाखवू नका." फटाका तिच्या हातात होता, पण वाघ आणि सोमाजी इतके जवळ होते, की फेकायची तिची छाती होईना.

सत्यशीलाला दुसरं काही सुचलं नाही. बॉक्स अजून चालू होता आणि तिचा मोबाइल ब्लूटूथने त्याला जोडलेला होता. तिने जो व्हिडिओ हाताला लागला, तो दाबला. व्हिडिओ लागायच्या आधीच विहिरीजवळून ती खणखणीत बाई कडाडली:

"ताई! तुमच्या कुकरची शिट्टी..."

वाघ गर्रकन वळला. त्याने कान पाडले. सत्यशीलाच्या मोबाइलवर स्किपचं बटण आलं आणि घाबरल्या हाताचं बोट सवयीने त्याच्याकडे गेलं. नवऱ्याच्या कटकटीने तिलाही तीच सवय लागली होती. तेव्हा सोमाजीच्या गळ्यातून जो आवाज फुटला, तसा तो जन्मात कधी ओरडला नव्हता.

"सत्यशीले! स्किप नको करू वो! पुरी होऊ दे!"

तिचं बोट थांबलं. शिट्टी झाली. एक, दोन, तीन, अशा खच्चून भरलेल्या कुकरच्या सणसणीत शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या शिट्टीला वाघाने जागेवरून जी उडी घेतली, ती थेट कुंपणापलीकडे. नाला ओलांडून तो जंगलात दिसेनासा झाला. झाडांवरून, ट्रॉलीतून एकच आरोळी उठली. लोक नाचू लागले, ललिताने काठी वर फेकली आणि पकडली, आणि सोमाजी वांग्याच्या ओळीत मटकन खाली बसला. एकही शेंग तुटली नव्हती.

चार दिवसांनी शेंगा तुटल्या. सत्यशीलाने रस्सा केला. ताट पुढे घेऊन दोघं बसले होते, तेव्हा पिंकीचा फोन आला, "बाबा, धनराजकाकानं त्या दिवशीचा व्हिडिओ टाकला ना! दोन लाख लोकायनं पायला तुमाले!"

सत्यशीलाने घाईघाईने तो व्हिडिओ शोधून लावला. नवऱ्याची मर्दुमकी बघायची म्हणून ती मोबाइलवर वाकली, तर आधी कुठल्याशा टूथपेस्टची जाहिरात सुरू झाली. "हे काय मधीच!" असं पुटपुटत तिने बटणाकडे बोट नेलं.

सोमाजीने तिचा हात धरला. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, तोंडातला घास गिळला आणि हात जोडून ती जाहिरात शेवटपर्यंत पाहिली.