अव्वल नजर

गुंडेराव मास्तर रस्त्यानं चालताना खाली म्हणून बघत नसत. मान वर आणि नजर झाडांच्या फांद्यांत. जिंतूरच्या बाजारातल्या एकूण एक गटारात त्यांचा पाय जाऊन आला होता. पाय झटकायचे, की पुन्हा मान वर.

मी मराठी शिकवत असे त्याच शाळेत ते सायन्स शिकवत आणि उरलेल्या वेळात आमरीची फुलं शोधत. आमरी म्हणजे ऑर्किड; आंब्या-बाभळीच्या फांद्यांवर वाढते. तिला कुणी बांडगूळ म्हटलं की मास्तरांचं डोकं फिरे. "बांडगूळ झाडाचं खातंय. ही बिचारी नुसती बसायला जागा मागायलीय."

निजामाचं राज्य गेलं आणि शाळेतले उर्दू हजेरीपट रद्दीत निघाले. मास्तरांनी ते घरी नेऊन त्यांत फुलं दाबून वाळवली. स्वतः उर्दूत शिकलेले, त्यामुळे मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. फुलांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फूल, झाड, गाव सांगून झालं की ते स्वतःलाच विचारत, "अव्वल नजर कोनाची?" ज्यानं फूल आधी हेरलं त्याचं नाव लिहायचं. कधी गुराखी, कधी शेळ्यावाली. मास्तरांचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

पुढे झरीजवळ त्यांना अशी एक आमरी मिळाली, की आमच्या भागात तिची नोंदच नव्हती. चिठ्ठीवर त्यांनी बायकोचं, राधाबाईंचं नाव घालायला लावलं. पुण्याच्या एका प्राध्यापकांचं उत्तर आलं : पुस्तकात घेतो, पण शोधणारे म्हणून तुमचंच नाव द्या, नाहीतर नोंद गळेल.

"वीस वर्षं उन्हातान्हात हिंडलात, एकदा तरी नाव लावा," मी चिडून म्हणालो.

"नजर आमची न्हाई, तर नाव कसं लावावं?"

माझ्याकडून तीन पत्रं लिहून घेतली. शेवटी प्राध्यापकच दमले.

पुस्तक आलं त्या दिवशी मास्तर मला घरी घेऊन गेले. तोवर राधाबाईंना मी पाहिलं नव्हतं. त्या चाचपत शेंगा निवडत होत्या. लग्नानंतर दोनच वर्षांनी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेलेले. ती तीन पत्रं लिहिताना केलेली कुरकुर आठवून मला लाज वाटली.

"बैलगाडीत होतो, भावजी," त्या म्हणाल्या. "मला वास आला. म्हनलं, गाडी थांबवा, वर काईतरी फुललंय."

मास्तरांनी त्यांचं बोट धरून छापील ओळीवर ठेवलं. "हे बघ, तुजं नाव."

राधाबाईंनी ती ओळ दोनदा चाचपली. "आन् तुमचं कुटंय?"

"आमी झोपलो होतो," मास्तर म्हणाले.