जमैकात तुटलेली चेन

बायकोचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि लान्सी एकच बूट घालून सोफ्यावर बसून राहिला.

हॅझेल बहिणीबरोबर जमैकाला फिरायला गेली होती. मेसेजमध्ये धबधब्याचा आवाज इतका, की निम्मे शब्द वाहून गेलेले. उरले ते असे : "लान्सी, खालपासून वरपर्यंत चढले रे! मध्येच चेन तुटली. पण गाईड एवढा चांगला, हसत हसत लगेच जोडली. काय हात आहेत त्याचे!"

चेन लग्नातली होती. ती तुटल्याचं दुःख लान्सीला झालं, नाही असं नाही. पण ती जोडली गेल्याचं दुःख फारच मोठं होतं.

संध्याकाळी तो आखातातल्या उम्म अल हस्सम भागात, त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या दत्ताराम ड्रायव्हरकडे गेला.

"दत्ता, तुटलेली चेन जोडली, की गळ्यात घालतं कोण?"

"ज्येना जोडल्यान, त्येनाच," दत्ताराम रस्ता सांगावा तसं म्हणाला. "मागे उभो रवान. तो आकडो बायकांका आपलो आपण लागणा नाय, मेल्या. तू लावलंस कधी?"

लान्सीने आठवून पाहिलं. आठवेना. खरा जळफळाट तिथून सुरू झाला. जमैकातल्या परक्या माणसाने पहिल्या भेटीत केलं, ते आपण इतक्या वर्षांत केलं नाही!

उपाय एकच. नवी, जाड चेन घ्यायची आणि हॅझेल एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या तिच्या गळ्यात स्वतःच्या हाताने घालायची. गाईड खलास.

दागिन्यांतलं त्याला काही कळत नसल्यामुळे दत्तारामची बायको विशाखा त्याच्याबरोबर सोनाराकडे गेली.

"भावजी, ही फार जाड."

"जाडच पाहिजे. कुणाला जोडायची वेळ यायला नको."

"आणि आकडा लावता येतो का तुम्हाला? यल्ला, चला, माझ्यावर प्रॅक्टिस करा."

लान्सी तिच्यामागे उभा राहून, जीभ दातांत धरून खटपट करू लागला. सेल्समन शाहिदला हे दृश्य फार आवडलं. "सर, भाभीजी, इधर देखिए!" त्याने फोटो काढला.

एअरपोर्टवर हॅझेल ट्रॉली ढकलत बाहेर आली. गळ्यात जुनीच चेन, धडधाकट.

"जोड कुठे दिसत नाही," लान्सी तिच्या गळ्याकडे निरखून म्हणाला.

"कसली जोड?"

"चेन तुटली ना?"

हॅझेल ट्रॉलीवर ओणवी होऊन हसली. "अरे, माणसांची चेन! तिथं सगळे एकमेकांचे हात धरून चढतात. एका बाईचा पाय घसरला, हात सुटला. गाईडने तिचा हात परत माझ्या हातात दिला."

"मग ते, काय हात आहेत त्याचे?"

"ते मात्र आहेत."

तरीही लान्सीचा जीव भांड्यात पडला. ऐटीत त्याने खिशातून डबी काढली आणि उघडून नवी चेन दाखवली. ती बघून हॅझेलचं हसू थांबलं.

"ही मी बघितली," ती म्हणाली. "ऑफर्ससाठी त्या दुकानाला फॉलो करते ना मी." तिने फोन पुढे धरला. फोटोत लान्सी, विशाखा आणि विशाखाच्या मानेवर लान्सीची बोटं. खाली दुकानाने लिहिलं होतं : 'साथ जन्मोजन्मीची'.

"हॅझेल, ती नुसती प्रॅक्टिस..."

"असेल. माझ्या मानेला कधी लागली नाहीत रे ही बोटं."

लान्सी चेन घेऊन तिच्या मागे उभा राहिला. आकडा लागेना. मागे ट्रॉल्यांची रांग लागली.

"सावकाश लाव," हॅझेल फोन वर धरत म्हणाली. "विशाखालाही बघू दे, तिला व्हिडिओ कॉल लावलाय. तिने उचलेपर्यंत वेळ आहे."