दरवाजातलं इंजिन

दौलत मिस्त्रीला माणसं चेहऱ्याने ओळखू येत नाहीत. गावातल्या निम्म्या लोकांची नावं त्याला ठाऊक नसतील, पण कुणाच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग खरखरायला लागलंय, ते तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. एका लग्नात नवरदेवाच्या बापाने त्याला वाकून नमस्कार केला. मिस्त्री नुसता बघत राहिला. मी कानात सांगितलं, "तो लाल ट्रॅक्टरवाला व्हय." तेव्हा कुठे त्याचा चेहरा उजळला आणि भर मांडवात त्याने विचारलं, "मंग, क्लच कसा हाय आता?"

बाजारहत्नूरला माझं कापडाचं दुकान आहे. त्याला लागून मिस्त्रीचं गॅरेज, आणि मागे त्याचं घर. पांढरी धोतरं विकणाऱ्या माणसाने काळ्या ऑइलच्या शेजारी कसं जगायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक बाज आणि हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. "आवाज झूट नाई बोलत, सेठ," हे त्याचं ठरलेलं वाक्य. याच विद्येच्या जोरावर तो गिरणीची मोटर तपासतो, आमचा मिक्सर तपासतो. एकदा दुपारी मी गल्ल्यावर डुलकी काढत होतो, तर यानं माझ्या बायकोला बोलावून सांगितलं, "वहिनी, सेठचं टायमिंग आऊट हाय. फिल्टर साफ करा लागते." तेव्हापासून आमच्या घरात माझ्या घोरण्यावर चर्चा बंद आहे. तज्ज्ञाचं मत आल्यावर काय बोलणार?

मिस्त्रीला एकच मुलगी, सुनीता. निर्मल शहरात बँकेत नोकरी करते. आई गेल्यापासून एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी बापाकडे येते. तिची पहिली गाडी मिस्त्रीने स्वतः हुडकून आणलेली, जुनी, डिझेलची, दणदणीत. दुसरी मात्र तिने यंदा त्याला न विचारता घेतली. नवी कोरी, आणि पगाराच्या जोरावर. गावातली सगळी गाडीवाली मंडळी मिस्त्रीच्या तोंडून 'पास' ऐकल्याशिवाय पेढे वाटत नाहीत. सुनीता गाडी घेऊन आली ती डबाभर पेढे सोबत घेऊनच.

"बाबा, बसून तर पाहा. स्पोर्ट मोड हाय हिच्यात." मिस्त्री बसल्यावर तिने एक बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटर दिला. दार उघडंच होतं; गाडी अशी गुरगुरली की मी दुकानातून बाहेर आलो.

मिस्त्री खाली उतरला. "सायलेन्सर फुटलं हाय," म्हणाला.

"नवी गाडी हाय बाबा."

"नवी असन नाईतर जुनी. फुटलं म्हंजे फुटलं."

तो चटई टाकून गाडीखाली शिरला. सायलेन्सर धडधाकट. बाहेर येऊन त्याने बॉनेट उघडलं, पेचकस लावला, कान लावला. इंजिन गरीब गाईसारखं शांत. परत आत बसला, तर पुन्हा ती गुरगुर. आत-बाहेर, आत-बाहेर करता करता जेवायची वेळ टळून गेली. मी दुकान नोकरावर टाकून खुर्ची घेऊन बसलो. असली करमणूक आमच्याकडे रोज नसते. शेवटी मिस्त्रीने पेचकस सीटला लावला, छताला लावला आणि मग दरवाजाला लावला. डोळे मिटले.

"सेठ," तो म्हणाला, "इंजन दरवाजात हाय."

सुनीता हसायला लागली. मग तिने समजावून सांगितलं की आजकालची इंजिनं फार शांत असतात, चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून कंपनी स्पीकरमधून आवाज सोडते. मिस्त्रीने पेचकस पुसला. "म्हंजे टेप लावली. अन् ते बी दार लावून, आपल्याआपल्यातच. नापास," तो म्हणाला आणि घरात निघून गेला.

मला खूप हसू आलं होतं, पण सुनीताकडे पाहिलं आणि ते घशातच राहिलं. पेढ्यांचा डबा तिच्या हातात तसाच होता. "काका, मी स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ही पहिली मोठी वस्तू हाय," ती म्हणाली. "एक डाव बरी हाय म्हणाले असते तर काय झालं असतं?"

मी मिस्त्रीला दटावायला आत गेलो. तो चुलीपाशी बसला होता, चूल न पेटवता.

"पोरीचं मन काऊन मोडता?" मी म्हटलं.

"गाडी चांगली हाय, सेठ. मले का समजत नाई?" तो म्हणाला. "पण जुनी गाडी गावाबाहेरच्या पुलावर आली का मले इथं आयकू येत होती. मी चाय मांडत होतो. पोरगी दारात येईपर्यंत चाय उकळत होती. हिची माय माह्यासाठी असंच करत होती. आज पोरगी आली अन् मी बनियनवर झोपलो होतो. तिनं दार वाजवलं, सेठ. आपल्याच घराचं."

मी पोटात गोष्ट ठेवणारा माणूस नाही. बाहेर येऊन सगळं सुनीताला सांगून टाकलं. ती गाडीत बसली, चारही काचा खाली केल्या आणि पुलाकडे गेली. थोड्या वेळाने मिस्त्रीचा फोन वाजला.

"बाबा, काचा खाली हायेत. स्पोर्टवर टाकून फुल रेस देऊन राह्यले. आयकू येते का?"

मिस्त्री अंगणात उभा राहिला, कानामागे हात धरून. मीही कान टवकारले. गिरणीचा पट्टा वाजत होता, कुणाची तरी शेळी ओरडत होती. बाकी काहीच नाही.

"येते," मिस्त्री म्हणाला. "साफ येते. पास हाय गाडी. ये आता, पेढे दे."

मी त्याच्याकडे बघितलं. "तुमाले आवाजातलं काय समजते, सेठ?" असं म्हणून तो चूल पेटवायला गेला. त्या दिवशी सुनीताने मला दोन पेढे दिले आणि बापाला चार.

आता ती यायची असते त्या शनिवारी मिस्त्री सकाळी दहापासून रस्त्यावर खुर्ची टाकून, पुलाकडे तोंड करून बसतो. परवा मी विचारलं, मिस्त्री, इथं काऊन बसले? म्हणाला, "ऊन खाऊन राह्यलो."

मे महिना चालू आहे. मी दुकानातली छत्री नेऊन त्याच्या हातात दिली.