रशियन जमीनदाराला चार्जशीट

बोरकर काकांनी एका रशियन जमीनदाराला चार्जशीट दिली, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला.

जमीनदार माझ्या अभ्यासाला लावलेल्या कादंबरीतला. एम.ए.ला पेपर होता, पात्रांचे स्वभाव आणि त्यांच्या वागण्यामागचे हेतू. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कोणी न विचारताही सांगते. पण उशीएवढी जाड कादंबरी आणि एकेका माणसाला तीन-तीन नावं पाहून माझीही छाती दडपली. शेजारच्या बोरकर काकांकडे तिचं जुनं हिंदी भाषांतर निघालं. रशियन इंजिनियर आमच्या भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये होते, त्या काळात ही पुस्तकं इथं भाजीच्या भावात मिळायची म्हणे. मी मागायला गेले आणि अडकले.

काका प्लांटातून रिटायर झालेले. कामगारावर आरोप आला की त्याला चार्जशीट द्यायची, चौकशी बसवायची, साक्षी घ्यायच्या, याच खात्यात त्यांची सारी नोकरी गेली. खातं सुटलं, सवय सुटली नाही. दूध उतू गेलं की काकूंना तोंडी समज. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली की, "लेखी खुलासा दे!" घरातल्या बोक्याला तर त्यांनी सस्पेंड केलं होतं, तो ओट्यावर बसून राहायचा आणि जेवणाच्या वेळी कामावर रुजू व्हायचा.

पुस्तक देण्याआधी त्यांनी ते स्वतःच वाचायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. तिथं जमीनदाराची मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून निघते. निरोपासाठी अंगणात उभी राहते. बाप तबेल्याला आतून कडी लावून खोगीर पुसत बसतो, बाहेर येतच नाही.

"हा झाला आरोप," काका म्हणाले. "आता आरोपीले बचावासाठी एक साथीदार भेटते. तो कायदा हाय. तू त्याच्याकडून उभी राह्य."

मी हबकलेच. पण पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

मग रोज संध्याकाळी चौकशी. मे महिना, हॉलमध्ये कूलर घरघरतोय, त्यावर ओरडून काका विचारायचे, "आरोपी हाजीर?"

"गैरहाजिर!"

"बचाव?"

"हाजीर!"

मी गाईडमधलं वाक्य फेकलं, "काका, तो सरंजामी व्यवस्थेचा प्रतिनिधी आहे."

"व्यवस्था कडी लावते का वं? कडी माणूस लावते. कावून लावली ते सांग!"

"अहंकार."

"अकड त सब्बाइले असते. पण कावून?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

"नामंजूर! उद्याची तारीख."

माझं प्रत्येक कारण ते फेटाळायचे, पण फाईलही बंद करायचे नाहीत. पेपर जवळ आला आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ बोलणारी बाई. म्हटलं, "काका, माझा बचाव संपला. तो माणूस दगड होता. द्या शिक्षा आणि मिटवा."

काकांचा चेहरा पडला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"एवढ्यात हरली? म्या तुले बचावाले ठेवलं ना, पोरी!"

काकू कैरीचं पन्हं घेऊन आल्या. इतके दिवस या चौकशीत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. ग्लास ठेवून म्हणाल्या, "आता माही साक्ष घ्या."

"तू मधात बोलू नको."

"खोगीर नव्हते पुसत हे," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कूलर लावून बसले होते. भर जानेवारीत. सुषमा फाटकापाशी उभी राहून बाबा, बाबा करून राहिली होती. ते ऐकू येऊ नाही म्हणून कूलर."

"कोण सुषमा?"

"आमची पोरगी. जातीबाहेरचं केलं, रेल्वेतल्या छत्तीसगढी पोराशी. चरोद्याले राहते."

आम्ही या क्वार्टरमध्ये आलो तेव्हापासून मला वाटत होतं, यांना मूलबाळ नाही. आणि चरोदा! बाजाराला सिविक सेंटरला जातो तसं ऑटोत बसून जाता येईल इतकं जवळ.

काकांनी पुस्तक मिटलं. मी जे खरं वाटलं ते बोलले, "काका, बचाववाल्याला काय माहीत असणार? आरोपीलाच विचारा."

काकांनी मिटलेलं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं.

"बाहेर गेलो असतो त रडलो असतो," काका म्हणाले. "क्वार्टरांची अख्खी लाईन पाहून राहिली होती."

बस. एवढंच होतं ते 'कावून'. माझ्या गाईडच्या एकाही पानावर नव्हतं.

काकूंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून पन्ह्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. पलीकडून आवाज आला, "आई? अवं, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. तो कूलर बंद कर ना आधी!"

भिलाईत मे महिन्यात कोणी कूलर बंद करत नाही. काका उठले आणि त्यांनी बंद केला.

"हं, आता बोल, आई."

काकूंनी फोन काकांच्या दिशेनं सरकवला. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते, बोट अजून बटणावर.

"हाजीर हाय," ते म्हणाले.