हंबीररावांच्या गाडीची दृष्ट

एका जंगलात, म्हणजे रस्ता रुंदीकरणातून अजून वाचलेल्या एका जंगलात, हंबीरराव नावाचा गवा राहायचा. तो सरपंच होता, म्हणून आपणही त्याला अहो-जाहो करू.

हंबीररावांनी हायब्रिड गाडी घेतली. बॅटरीवरही चालते आणि पेट्रोलवरही. प्राण्यांनी विचारलं, "सरपंच, दोन्ही कशाला?"

"एकावर माझा विश्वास नाही," हंबीरराव म्हणाले.

तसा दोन्हींवर मिळूनही नव्हता, म्हणून त्यांनी लिंबू-मिरची बांधली. समोर बांधली तर माकडं पळवतील. पुढच्या चाकामागे एक बारीक काळी तार दिसत होती, तिलाच बांधली. दर शनिवारी नवं लिंबू. जुनं मात्र काढायचं नाही, कारण काढलं की दृष्ट मोकळी सुटते, असं मेव्हण्याने मोबाइलवर पाठवलं होतं.

हसू नका रे. घरी जाऊन आपापल्या बाबांच्या गाडीखाली वाकून बघा.

त्या तारेचं काम अगदी साधं असतं. चाक किती वेगाने फिरतंय ते चाकापाशी बसवलेला सेन्सर ओळखतो आणि तार ते गाडीला कळवते. कळवणं बंद झालं की गाडी घाबरते. मग ती जपून, अंग चोरून चालते.

आणि ते बंद झालं नेमकं हंबीररावांच्या बायकोला, चंद्राला, कळा सुरू झाल्या त्या दिवशी. दवाखाना घाटापलीकडे. मागच्या खेपेला वासरू वाटेतच जन्मलं आणि वाटेतच गेलं होतं. त्यामुळे दोघंही आधीच धास्तावलेली. घाटाच्या तोंडाशी आले आणि पुढ्यातले इशाऱ्याचे सगळे दिवे लागले. गाडी सपाटीवर रांगत होती ती चढ लागताच थांबली.

नशीब, तिथेच झिपरू अस्वलाचं गॅरेज होतं.

झिपरूने यंत्र जोडलं. पुढच्या डाव्या चाकाचा वेग कळत नाही, असं यंत्राने दाखवलं. दुसऱ्या कुणी सेन्सरच बदलला असता. झिपरूने वाकून तार हलवली. हलवली की यंत्रावर आकडा यायचा, सोडली की जायचा. मग त्याला लिंबं दिसली. ओझ्याने तार आतून तुटली होती आणि रस झिरपून तांबं हिरवं पडलं होतं.

"सरपंच, तार तुटलीय. लिंबं काढतो, तार जोडतो, की निघा तुम्ही."

हंबीरराव फुरफुरले. "एवढी मोठी गाडी एका तारेने अडेल होय? आणि लिंबू काढू? आज? ही अशी अवघडलेली असताना?"

"अहो, लिंबामुळेच तुटलीय."

"लिंबू होतं म्हणून तारेवर भागलं, मेस्त्री. नसतं तर चाकच गेलं असतं."

झिपरूने आकडे दाखवले. वायरिंगचं चित्र दाखवलं. हंबीरराव चाकापुढे फतकल मारून बसले. बसलेला गवा वनखात्यालाही हलवता येत नाही.

इतक्यात मागच्या सीटवरून चंद्राचं कण्हणं ऐकू आलं. शिकलेलं सगळं झिपरूने गिळलं, एक लिंबू हुंगलं आणि आवाज घोगरा केला.

"सरपंच, तुम्हाला भीती वाटेल म्हणून बोललो नव्हतो. दृष्ट फार कडक आहे. लिंबं भरलीत. आत्ताच्या आत्ता ओढ्यात सोडायला हवीत. जाताना मागे वळून बघायचं नाही."

हंबीरराव ताडकन उठले. "हे आधी नाही का सांगायचं?"

लिंबांची माळ तोंडात धरून ते निघाले. मान ताठ. मागे बघायची सोयच नव्हती. झिपरूने सडलेला तुकडा कापला, नवा जोडला, पाणी शिरू नये म्हणून वर नळी चढवली आणि तार चाकापासून लांब, जागच्या जागी बसवली.

चंद्रा खिडकीतून सगळं बघत होती. कळ ओसरल्यावर म्हणाली, "भाऊ, पक्की जोडा. याच रस्त्याने परत यायचंय. आणि यांना सांगू नका, घरी मलाच ऐकावं लागतं."

दिवे गेले. हंबीररावांनी येऊन झिपरूचे पाय धरले. गाडी घाट चढली. वासरू दवाखान्यात जन्मलं, चांगलं धडधाकट. निरोप आला तेव्हा झिपरू गॅरेजच्या दारात बसून रडला. आनंदानेच रडला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजपुढे ही रांग! रानडुकरं, साळिंदरं, कोल्हे, सगळ्यांच्या हातात लिंबं. "तार-बीर नका बघू मेस्त्री, तेवढी दृष्ट काढा." झिपरूने समजावून बघितलं. तशी अर्धी रांग उठून, बिघडलेल्या गाड्या तशाच घेऊन घाटाकडे वळली. झिपरू मागे धावला. सगळ्यांना हातापाया पडून परत आणलं आणि त्याच दुपारी पाटी बदलली:

'येथे सर्व गाड्यांची दृष्ट काढली जाते. काढताना मालकाने ओढ्याकडे तोंड करून उभे राहावे.'

तात्पर्य: बाळांनो, बिघाड गाडीतला काढावा. मालकाच्या डोक्यातला काढत बसलात, तर वासरू घाटाखालीच जन्मतं.