पिशवी देगलूरला, आपण नांदेडला

चतुराबाई आजवर चार वेळा नांदेडच्या घाटावर जाऊन आल्या होत्या आणि चारही वेळा कोरड्या पायांनी परतल्या होत्या. पहिल्या खेपेला सात पिशव्या, एक वळकटी आणि सासूबाईंचा पितळी डबा त्यांच्या ताब्यात होता. दुसऱ्या खेपेला पाच पिशव्या आणि धाकट्या जावेचं झोपलेलं पोर. पुढच्या दोन खेपांचं सामानही त्यांना तोंडपाठ होतं. सगळं घर गोदावरीत उतरायचं आणि चतुराबाई पायरीवर, सामानाच्या मधोमध. "तू बस गं. तुझ्यासारखं ध्यान कुणाचं न्हाई," असं दगडोबा दर वेळी म्हणायचे आणि त्या कौतुकाने त्या फुगायच्या. कौतुक नेमकं कशाचं होतं, हे कळेपर्यंत केस पांढरे झाले.

म्हणून या वेळी, दोघांनीच औशाहून सकाळी जाऊन रात्री परत यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आधीच अट घातली. "आवं, ह्या बारीला पिशवीपाशी तुम्ही बसायचं. मी पाण्यात उतरणार."

दगडोबा "हूं" म्हणाले. ते "हूं" निजामाच्या काळातल्या जमिनीच्या कागदासारखं होतं, ज्याने वाचावं त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढावा. त्यातच त्यांनी पिशवी भरली ती चांगली लेकीला बाळंतपणाला न्यावी एवढी. दोघांचे कोरडे कपडे, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, सतरंजी, आधार कार्डं, आणि खिशातून पडेल म्हणून मोबाईलसुद्धा त्यातच. ती फुगलेली पिशवी बघून चतुराबाईंनी आपली अट पुन्हा एकदा बोलून दाखवली.

औशाची पहिली गाडी धरून दोघं लातूरच्या स्टँडवर उतरले. नांदेडच्या फलाटावर ही गर्दी. दगडोबांच्या अंगात मात्र एकदम तिशी संचारली. जवानीत सीट धरावी तर दगडोबांनीच, असा त्यांचा पंचक्रोशीत लौकिक होता. गाडी वळण घेत असतानाच खिडकीतून उपरणं असं भिरकवायचे, की ते पसरूनच सीटवर पडायचं.

"बाबा, रुमाल टाकताव का?" शेजारी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं. ती दामिनी, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी.

"रुमालाचा जमाना गेला पोरी. रुमाल लोक बाजूला सारतेत. वजन पाहिजे, वजन!"

तेवढ्यात एक गाडी फलाटासमोर आली. ती थांबायच्या आत दगडोबांनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, एक पाय मागे टाकला आणि तिसऱ्या खिडकीतून आत लोटली. पिशवी सीटवर जाऊन बसली. बघ्यांमधून "वा बाबा!" असा आवाजही आला.

"आवं, पाटी तर बघा," चतुराबाई म्हणाल्या.

"पाटी काय बघायची? नांदेडच्या फलाटावर काय मुंबईची गाडी येती का? आता घाई न्हाई. सीट धरलीय. निवांत च्या पिऊ."

चहा बशीत ओतून, फुंकर मारून, दामिनीला सीट धरण्याचं शास्त्र समजावत दगडोबांनी निम्मा चहा संपवला. तोवर कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी निघाली.

"बाबा," दामिनी हळूच म्हणाली, "ती देगलूरची होती. पुढं जागा न्हवती म्हणून इथं थांबली होती."

दगडोबा बशी हातात घेऊनच धावले. गाडी फाटकाबाहेर पडली होती. ते परत आले तेव्हा बशी रिकामी होती आणि सदरा ओला. मग त्यांनी सुटकेचा एक नि:श्वास टाकला, तो चतुराबाईंच्या नजरेतून सुटला नाही.

"चल आता घरी. कपडे न्हाईत, डबा न्हाई, मोबाईल न्हाई. कशाला जायचं? पुढल्या साली जाऊ."

पुढल्या साली! चतुराबाईंनी हे शब्द इतक्या वेळा ऐकले होते, की त्यांच्या कानांना त्यांचे घट्टे पडले होते. त्या पिशवीवर चिडल्या नाहीत, नवऱ्यावरही नाही. दामिनीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तुझा फोन दे जरा. ह्यांना स्वतःचा नंबर येत न्हाई, मला येतोय."

तीन वेळा रिंग गेल्यावर फोनच्या स्पीकरवर बाईमाणसाचा आवाज आला. "कोण बोलायलंय?"

"मी पिशवीची मालकीण. तुम्ही कोण?"

"मी शिवम्मा, देगलूरची. अय्यो, तुमची पिशवी व्हय ही? हितं सीटवर ठेवलीय. कोण बसंना झालंय. एक म्हातारा मगापासून हुबा हाय, पर धरलेल्या सीटवर कसं बसायचं म्हणतोय."

दगडोबांनी फोन ओढून घेतला. "बघ! म्हटलं न्हाई? वजन पाहिजे!"

"आवं, त्या म्हाताऱ्याला बसवा की!" चतुराबाई ओरडल्या.

ठरलं असं, की शिवम्माने पिशवी मांडीवर घ्यायची, म्हाताऱ्याला बसवायचं, आणि हीच गाडी परत फिरणार असल्याने देगलूरला पिशवी कंडक्टरच्या हवाली करायची. संध्याकाळी ती लातूरच्या कंट्रोल केबिनमध्ये मिळेल.

"पर बाई, डब्यात धपाटे हायेत," चतुराबाई म्हणाल्या. "तेवढे खाऊन टाका. उन्हात खराब व्हतील."

"बरं," शिवम्मा इतक्या लगेच म्हणाली, की डबा आधीच उघडला असावा.

इतक्यात खरी नांदेडची गाडी आली. दगडोबांचा हात सवयीने वर गेला, पण हातात काहीच नव्हतं. ते डोक्यावरच्या टोपीकडे वळले.

"आता काय धोतर टाकताव का?" चतुराबाईंनी हात धरला आणि दामिनीच्या मागोमाग गर्दीत घुसल्या. सामान नसलेलं माणूस किती पटकन आत जातं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास, म्हणून कंडक्टरने दगडोबांचं आधार कार्ड मागितलं. "कार्ड देगलूरच्या गाडीत हाय," दगडोबा म्हणाले. "शहात्तर पुरे झाले. तोंडात दात किती हायेत ते मोजा." कंडक्टरने दात मोजले नाहीत, त्यांचं पूर्ण तिकीट फाडलं. चतुराबाईंनी कमरेचा बटवा काढला. दगडोबा लोह्यापर्यंत तिकिटावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मधे एकदा दामिनीचा फोन वाजला.

"शिवम्मा बोलायले. धपाटे सगळ्या गाडीनं खाल्ले. मीठ जरा कमी हाय म्हणालेत."

"मीठ ह्यांच्या बीपीमुळं कमी हाय, सांगा त्यांना!" चतुराबाई म्हणाल्या आणि सगळी गाडी हसली.

नांदेडला दामिनीने त्यांना रिक्षात बसवून दिलं. गुरुद्वाराच्या लंगरमध्ये दोघं पोटभर जेवले. पिशवी कुठे ठेवू, कोणाला सांगू, ही फिकीरच नव्हती. चतुराबाई मोकळे हात हलवत नंदगिरी किल्ल्याच्या बुरुजावरही चढल्या. खाली गोदावरी पसरली होती. विष्णुपुरीच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या.

घाटावर दगडोबांनी शेवटचा प्रयत्न केला. "कोरडं लुगडं न्हाई. भिजून काय करशील?"

"ह्या उन्हात पापड वाळतेत, मी न्हाई वाळणार? तुम्हीबी या."

"मला सर्दी व्हती."

"मग बसा." चतुराबाईंनी चप्पल काढली, चष्मा काढला, बटवा सोडला आणि सगळं नवऱ्याच्या ओंजळीत ठेवलं. पहिल्या पायरीवर पाय ओला झाला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा गार होतं. मग त्या कमरेपर्यंत गेल्या आणि नाक दाबून बुडी मारली. बाहेर येऊन लहान पोरीसारख्या हसल्या.

पायरीवर ओंजळ धरून बसलेले दगडोबा दुरूनच विश्वासू वाटत असावेत. एक बाई आली. "बाबा, तुम्ही बसलाच हाव तर आमच्या पिशवीकडं जरा ध्यान ठेवा." दगडोबा नाही म्हणायच्या आत ती पाण्यात होती. मग हदगावचं एक कुटुंब आलं, चार पिशव्या आणि एक थर्मास घेऊन. मग कोणी तरी हेल्मेट ठेवलं. कोणी तरी पोराचे बूट.

"आगं, झालं का?" सामानाच्या ढिगातून दगडोबांचा आवाज आला. "मला उठताबी येईना!"

"बसा वो," चतुराबाई पाण्यातून म्हणाल्या. "तुमच्यासारखं ध्यान कुणाचं न्हाई. एकच बुडी राहिली."

ही एकच बुडी आतापर्यंत तीनदा राहिली होती. दगडोबा पुढे आणखी काही तरी ओरडले, पण तोवर चतुराबाईंचे कान पाण्याखाली गेले होते.