सूर्यछाप व्हाइस

"लोखंड खोटं बोलत नाही!" असं मायक्रॉनसाहेबांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने फक्त साखर ढवळली.

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे नाव त्यांना कारखान्याने दिलेलं. सुट्या भागांच्या तपासणीत त्यांची उभी हयात गेली, आणि केसाएवढा फरकही त्यांनी कधी कोणाला माफ केला नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला भाग उरले नाहीत. मग ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ आहेत का, दारं चौकटीला सारखी टेकतात का, हे बघत घरभर हिंडू लागले. बायको म्हणायची, "अहो, घर पास झालं असेल तर जरा बाहेर फिरून या."

अशात त्यांच्या मेव्हण्याने वडिलांचं कुलूप-चाव्यांचं दुकान कायमचं बंद केलं आणि तिथला जुना व्हाइस गोणपाटात गुंडाळून बहिणीकडे पाठवून दिला. टेबलाला बोल्टांनी आवळायचा, दोन जबड्यांत काम घट्ट धरून ठेवणारा, चांगला मणभर वजनाचा लोखंडी प्राणी! दोन हमालांनी तो दिवाणखान्यात टेकवला तेव्हा कपाटातल्या कपबशा किणकिणल्या.

बायकोने गोणपाट बाजूला केलं आणि व्हाइसवरून सावकाश हात फिरवला.

"हात काळे होतील," साहेब म्हणाले.

"होऊ देत. हा मागच्या बाल्कनीत बसवू या का? मला उपयोगी पडेल."

"तुला? कशाला? अक्रोड फोडायला?"

ती काही बोलली नाही. साहेबांनी ते मान्यतेसारखं धरलं. मौनाचा असा अर्थ लावायची त्यांना जुनी सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीत जीर्णोद्धार सुरू झाला. साहेबांनी मुद्दाम एक भक्कम टेबल करून घेतलं, स्वतःच्या कोपराच्या हिशेबाने, कारण व्हाइसचा जबडा काम करणाऱ्याच्या कोपराशी यावा हा नियम. स्क्रू बाहेर काढून रॉकेलच्या बादलीत बुडवला. ती बादली आंघोळीची होती, हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी लक्षात आलं. तीन दिवस साहेबांच्या अंगाला असा वास येत होता, की शेजारचे इतिहासाचे निवृत्त मास्तर दार ठोठावत आले.

"काही पेटलंय का?"

"या मास्तर, या! तुमच्याच विषयातलं आहे. पुरावे वाचायचे आहेत."

मास्तरांना पुरावा म्हटलं की चष्मा आपोआप नाकावर चढायचा. साहेब बोटाने दाखवू लागले.

"हे बघा. लोखंड कापायची करवत जबड्याच्या कडेला कधीतरी घसरतेच. उजव्या हाताचा माणूस उजव्या बाजूला कापतो. इथे सगळे ओरखडे डावीकडे! म्हणजे माणूस डावखुरा. आता पुढचा जबडा बघा, याची कड घासून गोल झाली आहे, मागची मात्र कोरी. व्हाइस ज्याला उंच पडतो त्याचीच कानस पुढच्या जबड्याला लागते. म्हणजे बुटका. आणि हे हँडल! केळ्यासारखं वाकलंय. हा तापट. भयंकर तापट!"

"वा! पण तुमचे सासरे तर चांगले उंच होते ना?"

"उंच आणि उजव्या हाताचे. हा दुसराच. हाताखालचा कोणी कारागीर असणार." साहेबांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, तुझ्या बाबांनी असला माणूस ठेवला कसा?"

आतून आवाज आला, "घरचाच होता."

"तरीच! घरचा म्हणून काढता आला नाही!"

आत भांडं जरा जोरात आपटलं. साहेबांना वाटलं, हातातून निसटलं.

त्याच दुपारी रंगाचे थर खरवडताना मागच्या बाजूला ठिपके दिसले. पंचच्या पोलादी टोकाने ठोकलेले, बारीक, खोल. मध्ये एक गोल, गोलात काही ठिपके, आणि गोलाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन रेघा. मास्तरांना हाका मारून बोलावण्यात आलं.

"सूर्य!" मास्तर म्हणाले. "किरण स्पष्ट आहेत. एखाद्या जुन्या घराण्याची छाप."

"पण किरण फक्त बाजूंनाच कसे?"

"वरचे झिजले."

मास्तरांनी शिक्कामोर्तब केल्यावर काय राहिलं? संध्याकाळपर्यंत जिन्यात 'सूर्यछाप व्हाइस' हा शब्द रुळला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने तो बघितला, डॉक्टरीणबाईंनी बघितला, आणि कोणालाच नीट काही कळलं नाही म्हणून सगळ्यांनी एकमताने तो दुर्मीळ ठरवला. साहेबांनी फोटो काढला आणि जुन्या कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना पाठवला. मोठे साहेब आता तिथे जुन्या अवजारांचं कायमचं दालन उभं करत होते. त्यांचा लगेच फोन!

"हा आम्हाला मधल्या चौथऱ्यावर ठेवता येईल. द्याल का?"

"अर्थात! खाली फक्त माझ्या नावाची पाटी लावा. 'यांच्या सौजन्याने'."

फोन ठेवून साहेब वळले. बायको दारात उभी होती.

"देऊन टाकलात?"

"मधल्या चौथऱ्यावर! आपल्या घरातली वस्तू!"

"एकदा विचारायचं तरी."

"कोणाला?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. तपासणीच्या टेबलावर येणाऱ्या मालाकडे साहेब जसे बघायचे, अगदी तसं. "काही नाही," म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दिवस साहेब जबड्यांच्या मागे लागले. त्यांच्यावर स्क्रूने बसवलेल्या, ओरखडे पडलेल्या जुन्या पट्ट्या काढून त्यांनी नव्या कोऱ्या बसवल्या आणि जुन्या केराच्या डब्यात टाकल्या.

"ते ओरखडे राहू द्यायचे की," बायको म्हणाली.

"छे! चौथऱ्यावर जायचंय त्याला. तुला यातलं काय कळतं?"

एवढं बोलून ते रंगाचा डबा उघडायला बसले. केराचा डबा नंतर हलका लागला, पण केर तपासायची सवय त्यांना अजून लागलेली नव्हती.

रविवारी मोठे साहेब दोन माणसं आणि खाली टेम्पो घेऊन हजर झाले. मास्तर आधीच खुर्ची पटकावून बसले होते. बायको जेवणाच्या टेबलाशी फरसबी चिरत होती. मोठ्या साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि व्हाइसच्या मागे वाकून बराच वेळ बघितलं.

"ही छाप व्हाइस बनवणाऱ्या कारखान्याची नाही," ते म्हणाले. "साच्यातून आलेली असती तर अक्षरासारखी वर उठून दिसली असती. ही नंतर हाताने ठोकली आहे. कोणातरी कारागिराने."

मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. साहेब मात्र डगमगले नाहीत. उलट त्यांना स्फुरण चढलं.

"मग तर जास्तच मोलाची! त्या माणसाचं सगळं वर्णन मी देतो, पाटीवर लिहा. बुटका, डावखुरा, तापट. एकदा डोक्यात राग गेला की हँडल वाकेपर्यंत लोंबकळणारा!"

"वा! आता कुठे असतात ते?"

"आता? कोण जाणे. असतील की नाही..."

"आहे," बायको म्हणाली. "फरसबी चिरतोय."

सगळे तिच्याकडे वळले. सुरी तिच्या डाव्या हातात होती. लग्न झाल्यापासून ती डाव्याच हातात होती. साहेबांनी या घरातली प्रत्येक तसबीर सरळ केली होती, पण ही एक गोष्ट त्यांच्या तपासणीतून सुटली होती.

"शाळा सुटली की मी दुकानात चाव्या घासायचे," ती म्हणाली. "खोक्यावर उभी राहून. आणि मास्तर, तो सूर्य नाही. मांजर आहे. त्या मिशा आहेत."

"पण कान?" मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"कान राहिले. तेवढ्यात बाबांनी पंच काढून घेतला आणि पाठीत धपाटा घातला."

टेम्पोवाल्यांपैकी एकाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात बुडवलं. मोठे साहेब भिंग खिशात ठेवत तिच्याजवळ गेले.

"बाई, मग हा आम्ही न्यायचा का?"

हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"नाही," ती म्हणाली. "चहा मात्र घेऊन जा."

चहा झाला, टेम्पो रिकामाच गेला, मास्तरही काही काम आठवून उठले. बाल्कनीत दोघंच राहिली. साहेबांनी नव्या रंगावरून बोट फिरवलं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. लग्न झालं त्याच वर्षी. मी दुकानात काम करायचे म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, 'गल्ला सांभाळायचीस का?' आणि उत्तराच्या आधी वर्तमानपत्र उघडलंत."

साहेबांना ते आठवलं नाही. पण खोटं आहे असंही म्हणवेना. त्यांना भलतंच काहीतरी आठवू लागलं. धान्याच्या कोठीचं कुलूप अडकलं होतं, ते एका दुपारी आपोआप चालू झालं. डॉक्टरीणबाईंची हरवलेली चावी, जिची जोडचावी बाजारात मिळेना आणि मग 'मिळाली'. दर वेळी त्यांनी कुलूप बनवणाऱ्याचं कौतुक केलं होतं.

"आणि ते हँडल?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मीच. आपलं लग्न ठरलं त्या दिवशी."

"एवढा राग?"

"तुमच्यावर नाही हो! तुम्हाला तर मी बघितलंही नव्हतं. एक अवघड चावी अर्धी झाली होती, सात खाचांची. आईने आत बोलावलं, पाहुणे आलेत म्हणून. पुन्हा काही बाहेर जायला मिळालं नाही. ती चावी कोणी पूर्ण केली, अजून माहीत नाही."

ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेल्या जुन्या पट्ट्या घेऊन आली. एका हाताने स्क्रू पिळत तिने त्या जिथल्या तिथे बसवल्या. साहेब नुसते बघत राहिले. त्या हाताला कुठेच थांबून विचार करावा लागत नव्हता.

मग ती टेबलाशी उभी राहिली. जबडा तिच्या खांद्याला आला.

"एखादा खोका बघा," ती म्हणाली.

"खोका कशाला? टेबल कापतो!" साहेब उसळून म्हणाले. अपराधी माणसाला काम सापडलं की जो जोर येतो, तो त्यांना आला होता. त्यांनी टेप काढली. "कोपर वाकव. हलू नकोस." त्यांनी जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलं, पुन्हा घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली. हजारो भागांची मापं घेतलेल्या माणसाने बायकोचं माप पहिल्यांदाच घेतलं. दोघांनी व्हाइस उतरवला, टेबल आडवं केलं आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने चारही पाय कापले. तिने दोनदा करवत मागितली. त्यांनी दिली नाही.

टेबल उभं केलं. तिने त्याच्या कडेला एक बोट टेकवलं. टेबल खटकन एका बाजूला कललं आणि परत आलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा कललं.

तिने खाली वाकून बघितलं.

"एक पाय तोकडा झालाय."

"किंचित," साहेब म्हणाले.

"किंचित म्हणजे? मायक्रॉन?"

साहेबांनी टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. लोखंडाचं माहीत नाही, पण टेप खोटं बोलत नव्हती.

"अर्धा इंच," ते म्हणाले, आणि बायकोला करवत देऊन टाकली.